एलईडी इंडिकेटर रनिंग लाइट म्हणून जोडले, आता डावा दिला की चारही लुकलुकतात

तिसरा गिअर (धागाकर्ता)

मंडळी, जरा डोकं लावा. जुनी कार्ब्युरेटरवाली दुचाकी आहे, १२ व्होल्टची. बल्बवाले इंडिकेटर काढून दोन वायरींचे एलईडी बसवले. फ्लॅशरही (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक घातला, त्यामुळे लुकलुकण्याचा वेग ठीक आहे. तोपर्यंत गाडी रुळावर होती.

मग वाटलं, पुढचे दोन रनिंग लाइट म्हणून सतत मंद पेटते ठेवले तर समोरच्याला गाडीची रुंदी कळेल. हेडलाइटच्या वाटीत पार्किंगची वायर होती, तिच्यातून एक फाटा काढला, त्याला ३३० ओहमचा रेझिस्टर (करंट कमी करणारा) आणि एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावला, आणि पुढे त्याचे दोन फाटे करून डाव्या-उजव्या दिव्याच्या पॉझिटिव्हला जोडले. आता प्रकार असा:

चावी फिरवली की पुढचे दोन पेटतात, पण मागचे दोनही मिणमिणतात. मागच्यांना मी हातही लावलेला नाही.

डावा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात. उजवा दिला तरी तेच.

मीटरवरचा इंडिकेटरचा बारका दिवा (डाव्या-उजव्याला मिळून एकच आहे) धड पेटत नाही.

डायोड मल्टिमीटरवर तपासला, चांगला आहे. एक गोष्ट सांगायची राहिली: रनिंग लाइट जोडण्याआधीही उलट्या बाजूला लुकलुक दिसायची. ती मी फ्लॅशरची खोड समजत होतो.

चोक ओढा

फ्लॅशर बदला. नाहीतर प्रत्येक बाजूला लोड रेझिस्टर टाका, जुन्या बल्बएवढा करंट खेचला की सगळं सुतासारखं सरळ होतं.

टेस्टलॅम्प

चोकभाऊ, त्यांचा वेग बरोबर आहे म्हणतात ना, मग फ्लॅशर कशाला बदलायचा? लोड रेझिस्टर हा जुन्या फ्लॅशरला फसवण्याचा उपाय. १० ओहमचा रेझिस्टर १३.८ व्होल्टवर १९ वॉट उष्णता ओततो. तो प्लास्टिकच्या पॅनेलला किंवा वायरिंगच्या जुडग्याला टेकला तर वास यायला वेळ लागत नाही. विजेची बचत म्हणून एलईडी घालायचे आणि तेवढीच वीज रेझिस्टरमध्ये जाळायची, हे मला कधी पटलेलं नाही.

ओहमकार

धागाकर्ते, तुमच्याकडे एक नाही, तीन चोरवाटा आहेत. तिघींची लक्षणं एकमेकांत मिसळलीत म्हणून गोंधळ वाटतोय. एकेक घेऊ.

पहिली वाट मीटरवरच्या त्या एकट्या दिव्यातून. ज्या गाडीत डाव्या-उजव्याला मिळून एकच पायलट दिवा असतो, तिथे त्याचं एक टोक डाव्या वायरला आणि दुसरं उजव्या वायरला असतं. त्याला स्वतःचं अर्थिंग नसतंच. डावा चालू केला की करंट पायलटमधून उजव्या वायरवर जातो आणि उजव्या बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थला पोचतो. ते बल्ब १०-२१ वॉटचे, एवढ्याशा करंटने लालही होत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. एलईडीला मात्र तेवढा करंट पुरून उरतो. म्हणून उलटी बाजूही लुकलुकते. तुमची 'फ्लॅशरची खोड' ती हीच.

दुसरी वाट तुम्ही केलेल्या फाट्यातून. डायोड एकच आणि तो फाटा फुटण्याच्या अलीकडे. डायोडच्या पलीकडे डावा दिवा आणि उजवा दिवा सरळ तांब्याने जोडलेले आहेत. डाव्याला फ्लॅशरकडून १२ व्होल्ट आले की ते त्याच तारेने उजव्याकडे पळतात. तो डायोड फक्त करंट मागे पार्किंगच्या वायरीत शिरू देत नाही, तेवढं काम तो इमानदारीत करतोय.

तिसरी वाट मागच्या मिणमिणण्याची. एका बाजूचे पुढचे आणि मागचे इंडिकेटर एकाच वायरवर असतात. पुढच्याला पार्किंगमधून दिलेला करंट त्या वायरने मागे जातो आणि मागचाही पेटतो. म्हणजे तुम्ही चारही दिव्यांना रनिंग लाइट केलंय, इच्छा नसताना.

यावर उपाय: प्रत्येक पुढच्या दिव्याला दोन डायोड. एक इंडिकेटरच्या वायरवर, दुसरा रनिंगच्या वायरवर. असं:

इंडिकेटरची वायर → डायोड → दिव्याची पॉझिटिव्ह
पार्किंगची वायर → रेझिस्टर → डायोड → तीच पॉझिटिव्ह
दिव्याची निगेटिव्ह → अर्थ

हेच दुसऱ्या बाजूला वेगळं. रेझिस्टरही वेगळा. दोन दिव्यांना मिळून चार डायोड, दोन रेझिस्टर. डायोडवरची पांढरी पट्टी दिव्याच्या बाजूला. १एन४००७ पुरे आहे. एक अँपिअरचा, हजार व्होल्ट सोसणारा, चार्जिंगच्या झटक्यांना तो दाद देत नाही. ०.७ व्होल्ट खातो, दिव्यात फरक डोळ्याला दिसत नाही.

इंडिकेटरच्या वायरवरचा डायोड मागच्या दिव्याचा फाटा फुटल्यानंतर, पुढच्या दिव्याच्या अगदी जवळ यायला हवा. अलीकडे लावलात तर तिसरी वाट उघडीच राहील.

पायलटसाठी आणखी दोन डायोड: डाव्या वायरवरून एक, उजव्या वायरवरून एक, दोन्हींच्या पट्ट्या पायलटच्या एका टोकाला, आणि पायलटचं दुसरं टोक अर्थला.

हे सगळं सोल्डर करण्याआधी एक करा. पायलटचा बल्ब होल्डरमधून काढा आणि बघा. मग रनिंगचा फाटा सोडवून बघा.

तिसरा गिअर

ओहमकार, बघितलं. पायलट काढला, तरी चारही लुकलुकतात. पायलट काढलेला ठेवूनच रनिंगचा फाटा सोडवला, तर डाव्याला डावेच दोन, उजव्याला उजवेच दोन. पायलट परत बसवला की उलटी बाजू पुन्हा हजर.

ओहमकार

झालं तर. दोन्ही वाटा खऱ्या निघाल्या. एकच बुजवून भागणार नाही.

रात्रपाळी

माझा बाळबोध प्रश्न. रेझिस्टर हवाच कशाला? रनिंग लाइट भरपूर उजेडाची असली तर चांगलंच की. दिवसाही दिसेल. आणि इंडिकेटर दिला की तो लुकलुकेलच.

टेस्टलॅम्प

नाही लुकलुकणार. पूर्ण १२ व्होल्ट आधीच मिळत असलेल्या दिव्याला फ्लॅशरने आणखी १२ व्होल्ट दिले तर काय बदलणार? तो पेटलेलाच राहील. तुम्ही वळताय हे समोरच्याला कळणारच नाही.

दुसरं म्हणजे उष्णता. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो आणि एका वळणापुरताच चालतो हे धरूनच या बारक्या बंद डब्या बनवलेल्या असतात. त्यात तेच एलईडी पूर्ण करंटने तासन्‌तास ठेवले की आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. आधी एकदोन ठिपके (आतले सुटे एलईडी) मालवतात, मग हळूहळू ओळच.

सावली

यात एक आकडा कामाचा आहे. जुन्या दोन फिलामेंटच्या पी२१/५डब्ल्यू बल्बमध्ये मोठं फिलामेंट ४४० ल्यूमेन आणि लहान ३५ ल्यूमेनचं असतं. वॉट बघितले तर २१ आणि ५, म्हणजे चौपट वाटतं, पण उजेड सुमारे साडेबारापट आहे. मंद आणि प्रखर यांत इतकं अंतर ठेवलेलं होतं.

एलईडीचा उजेड साधारण करंटच्या प्रमाणात असतो. म्हणजे इंडिकेटर १०० मिलिअँपिअर घेत असेल तर रनिंगला ८ ते १० मिलिअँपिअर द्यायचे. ऐकायला फार कमी वाटतं, पण अंधारात बघा, डोळ्याला दहावा भाग दहाव्या भागाइतका मंद वाटत नाही. बरेच जण रेझिस्टर निवडताना दिवसा गाडीसमोर उभे राहतात, 'फारच बारीक पेटतंय' म्हणून रेझिस्टर कमी करत जातात आणि रात्री इंडिकेटर कळेनासा होतो.

तिसरा गिअर, तुमचे दिवे किती करंट घेतात ते मोजलंय का? आणि आत किती ठिपके आहेत?

तिसरा गिअर

ठिपके १५. चालू गाडीवर एका दिव्याचे १०० च्या आसपास मिलिअँपिअर.

सावली

मग बहुधा तीन-तीनच्या पाच माळा आहेत. नारिंगी एलईडी साधारण २ व्होल्टचा, तीन मिळून ६ ते ६.३. प्रत्येक माळेत २० मिलिअँपिअर. आतल्या पाच रेझिस्टरांचा मिळून अडथळा ७५ ओहमच्या जवळ येतो.

आता १० मिलिअँपिअर हवेत: १३.८ वजा डायोडचे ०.७ वजा माळेचे ६, उरले ७.१ व्होल्ट. भागिले ०.०१० म्हणजे ७१० ओहम. त्यातले ७५ आतच आहेत. बाहेर ६३५ लागतात, बाजारात ६८० मिळतो, तोच घ्या. त्यात जळणारी वीज ०.०७ वॉट सुद्धा नाही, पाव वॉटचा चालेल, पण अर्ध्या वॉटचा घ्या, त्याचे पाय जाड असतात आणि धक्क्यांत तुटत नाहीत. हा माझा आग्रह.

तुमचा ३३० चा एकच होता आणि चार दिवे त्यावर जगत होते. वाटा बुजवल्यावर तोच ३३० एकेका दिव्याला लावलात तर प्रत्येकाला १७ मिलिअँपिअर पडतील. चालेल, पण मला जास्त वाटतात.

रात्रपाळी

म्हणजे इंडिकेटर दिला की मंद-प्रखर-मंद-प्रखर होणार. पूर्ण विझणार नाही. ते नीट कळतं का हो?

ओहमकार

खरा मुद्दा हाच आहे. रात्री ठीक कळतं. भर उन्हात, मंद भाग तसाही दिसत नाही, त्यामुळे तिथेही ठीक. त्रास होतो तो संध्याकाळी आणि पावसात. हेडलाइट शेजारीच, काच ओली, आणि दिवा विझतच नाही. समोरच्याला नुसती थरथर दिसते. माझ्या मते ज्या बाजूचा इंडिकेटर चालू, त्या बाजूची रनिंग लाइट तेवढा वेळ पूर्ण बंद व्हायला हवी. चारचाकी गाड्यांमध्येही इंडिकेटरला चिकटून असलेली दिवसाची लाइट त्या वेळी बंद किंवा मंद होते, ते उगाच नाही.

इंडिकेटर आधी इंडिकेटर आहे. बाकीची हौस त्याला धक्का न लागता करायची.

चोक ओढा

मग सोपं आहे की. पाच पायांचा रिले (कॉइलमध्ये वीज आली की जोड बदलणारा स्विच). इंडिकेटरच्या वायरने कॉइल ओढायची, रनिंग लाइट बंदच्या पायावरून घ्यायची.

टेस्टलॅम्प

नुसत्या रिलेने नाही होणार. इंडिकेटरची वायर स्वतःच चालू-बंद होतेय. ती बंद झाली की रिले सुटतो आणि त्या फटीत रनिंग लाइट परत पेटते. म्हणजे फिरून मंद-प्रखर, वर रिलेची टकटक. कॉइलला कपॅसिटर (वीज साठवणारा) लावून रिले धरून ठेवायचा म्हटलं तर ही कॉइल १०० ओहमच्या आतबाहेर असते. अर्धा सेकंद धरायला हजारो मायक्रोफॅरॅडचा डबा लागेल आणि फ्लॅशरला दर वेळी तो भरावा लागेल.

सावली

रिलेऐवजी मॉस्फेट, म्हणजे व्होल्टेजने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. गेट, सोर्स आणि ड्रेन हे त्याचे तीन पाय. त्याच्या गेटला करंट लागतच नाही, म्हणून बारीक कपॅसिटरही खूप वेळ पुरतो. ज्यांना हात काळे करायचेत त्यांच्यासाठी, एका बाजूचं:

पी चॅनेलचा मॉस्फेट, आयआरएफ९५४० किंवा त्याच्यासारखा कुठलाही. सोर्स पार्किंगच्या पॉझिटिव्हला. ड्रेनपासून पुढे तोच ६८० ओहम, तोच डायोड, दिवा. गेटपासून अर्थला ४७० किलोओहम आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा. इंडिकेटरच्या वायरवरून एक छोटा डायोड, १एन४१४८, आणि १ किलोओहम अशा मार्गाने गेटला. गेट आणि सोर्सच्या मध्ये १५ व्होल्टचा झेनर (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा डायोड), पट्टी सोर्सकडे.

चालतं असं: एरवी गेट अर्थच्या पातळीला, मॉस्फेट चालू, दिवा मंद पेटलेला. इंडिकेटरची पहिली धडक आली की कपॅसिटर भरतो, गेट वर उचललं जातं, मॉस्फेट बंद. मधल्या फटीत कपॅसिटर ४७० किलोओहममधून हळूहळू रिकामा होत असतो, पण गेट पुरतं खाली यायच्या आत पुढची धडक येते. इंडिकेटर बंद केल्यावर एकदोन सेकंदांनी रनिंग लाइट परत येते, आणि ती फटकन न येता हळूच चढत येते. दिसायला छान दिसतं, हा फुकटचा लाभ.

कपॅसिटर लहान करू नका. आंतरराष्ट्रीय नियमावलीत इंडिकेटरचा वेग मिनिटाला ९०, त्यात ३० इकडेतिकडे, असा धरलेला आहे. सर्वांत संथ वेगाला बंद राहण्याची फट अर्ध्या सेकंदाची होते. आणि हे मॉस्फेट २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेही चालू होऊ लागतात. तुमच्या हाती २ वाला आला तर १० मायक्रोफॅरॅड कमी पडतो, शेवटी शेवटी दिवा डोळा मारतो.

करंट १० मिलिअँपिअर, मॉस्फेटला हीटसिंक नको. दोन बाजूंचे दोन संच एका बोटभर पट्टीवर बसतात.

निमित्तमात्र

वाखू (वाचनखूण) साठवली.

अवांतर: एवढा खटाटोप नको असेल तर तीन वायरींचे तयार इंडिकेटर मिळतात, रनिंग, टर्न (म्हणजे इंडिकेटर) आणि अर्थ. मी तेच लावले.

ओहमकार

निमित्तमात्र, मिळतात, पण तीन वायरी आहेत म्हणजे आत हे सगळं केलेलंच आहे असं समजू नका. काहींत टर्न मिळाली की रनिंग बंद होते, काहींत नुसते वेगळे ठिपके असतात, पांढरे रनिंगला आणि नारिंगी टर्नला, आणि पांढरे तसेच पेटत राहतात. पांढऱ्या उजेडात नारिंगी धुऊन निघतो. बसवण्याआधी टेबलावर १२ व्होल्टवर दोन्ही वायरी लावून बघायचं. मालिकेत एखादा छोटा बल्ब ठेवा, म्हणजे वायर चुकली तरी बल्ब पेटेल, इंडिकेटर वाचेल. रंगांवर विसंबू नका.

रंगांवरून आठवलं. गाडीच्या वायरिंगमध्येही तेच. होंडात हिरवी अर्थ असते आणि काळी चावीनंतरची पॉझिटिव्ह. यामाहात काळी अर्थ असते आणि गडद हिरवी उजवा इंडिकेटर. एका गाडीवर शिकलेला हात दुसरीवर चालवला की फ्यूज गेला.

चोक ओढा

आणि ते एकापाठोपाठ एक सरकत पेटणारे? ते मला फार आवडतात. त्यांना रेझिस्टर लावून मंद करता येतं का?

सावली

नाही. त्यांच्यात चिप असते. प्रत्येक वेळी वीज आली की ती पहिल्या ठिपक्यापासून सुरू करते. रेझिस्टरमागे व्होल्टेज कमी पडलं की चिप अर्धवट जागी होते, मध्येच बंद पडते, पुन्हा सुरू होते. त्यांना वेगळी रनिंगची वायर असेल तरच. हीच गोष्ट आत करंट सांभाळणारा ड्रायव्हर असलेल्या महागातल्या साध्या दिव्यांची. ओळखायचं कसं? एक किलोओहम मालिकेत लावून १२ व्होल्ट द्या. शांत मंद पेटला तर आत नुसते रेझिस्टर आहेत. फडफडला किंवा पेटलाच नाही तर ड्रायव्हर. मग माळांपर्यंत उघडून जावं लागतं, ते मी तरी करणार नाही.

तिसरा गिअर

आणखी एक. पार्किंगची वायर सोडून हेडलाइटच्या वायरवरून घेतलं तर? हेडलाइट चालू तेव्हाच रनिंग, वेगळा विचार नको.

टेस्टलॅम्प

आधी मल्टिमीटर एसीवर लावून बघा. जुन्या आणि छोट्या इंजिनांच्या पुष्कळ गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच, मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवरून थेट एसीवर चालतो. इंजिनाचा वेग वाढवला की हेडलाइट उजळत असेल, तर संशय घ्याच. त्यावर एलईडी फडफडतात, आणि उलट्या दिशेचा व्होल्टेज सोसत नाहीत. तुमच्यात डायोड आहे म्हणून वाचतील, पण मॉस्फेटवालं सर्किट त्यावर चालणार नाही.

पार्किंगची वायरच बरी, फक्त ती डीसी आहे याची खात्री करा. फाट्याच्या सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज घाला. सगळं मिळून २०-२५ मिलिअँपिअर जाणार आहेत. फ्यूज दिव्यासाठी नसून वायर घासून उघडी पडली तर त्यासाठी. बॅटरीवरून थेट मात्र घेऊ नका, चावी काढल्यावरही पेटत राहील.

निमित्तमात्र

ज्या नव्या गाड्यांत फ्लॅशरचा डबाच नाही, सगळं एका कंट्रोल युनिटमधून जातं, तिथे?

ओहमकार

तिथे जपून. ते युनिट प्रत्येक दिव्याचा करंट मोजत असतं, काही तर दिवा बंद असतानाही बारीक ठोके पाठवून बल्ब शाबूत आहे का बघतात. त्या वायरवर डायोड घातला किंवा भलतीकडून व्होल्टेज आलं की मीटरवर दोषाची खूण, कधी त्या बाजूचा इंडिकेटरच बंद. अशा गाडीला त्या कंपनीचा रनिंगवाला इंडिकेटर आणि युनिटमध्ये सेटिंग असेल तर तेच करावं. नसेल तर पुढे वेगळे बारके दिवे लावून टाका, इंडिकेटरला हात लावू नका.

आणि मंडळी, मागच्या इंडिकेटरची रनिंग लाइट करू नका, कुठल्याच गाडीवर. मागे सतत पेटणारा दिवा लाल, हे सगळीकडे मान्य आहे. पाठीमागून येणाऱ्याला नारिंगी उजेड सतत दिसला तर गाडी येतेय की जातेय तेच कळत नाही. पुढे नारिंगी चालतो की पांढराच हवा, ते आपापल्या नोंदणीच्या नियमांत बघून घ्यावं.

तिसरा गिअर

ताजी बातमी. चार डायोड, दोन ६८०, पायलटचे दोन डायोड, सगळं बसवलं. डावा म्हणजे डावा, उजवा म्हणजे उजवा. मागचे गप्प आहेत. पायलट पहिल्यासारखा लखलखीत. सावलीताई, ६८० ला रात्री उजेड पुरेसा आहे, दिवसा नाही म्हटलं तरी चालेल इतका कमी आहे, पण तुम्ही म्हणालात म्हणून तसाच ठेवला. मॉस्फेटचं साहित्य आणलंय.

जोड कसे झाकायचे? नुसत्या टेपने भागेल का, की सिलिकॉन भरू?

टेस्टलॅम्प

टेप उन्हात सुटते आणि चिकटा मागे ठेवते. आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) घ्या, प्रत्येक डायोडवर वेगळी, मग सगळ्यांवर मिळून एक मोठी. डायोडचे पाय सोल्डरच्या अगदी मुळाशी वाकवू नका, तिथेच तुटतात. वायर दोन्ही बाजूंना बांधून घ्या म्हणजे जोडावर ताण येणार नाही. सगळं हेडलाइटच्या वाटीत बसवा आणि बंद करण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, कुठे ताणतंय का.

सिलिकॉन भरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं हिरवं करतं. न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

सावली

आणि मॉस्फेटची पट्टी झाकायच्या आधी इंडिकेटर चालू ठेवून इंजिन आयडलवर आणि मग वेग देऊन, दोन्हीकडे बघा. कुठेही फटीत दिवा डोळा मारत असेल तर कपॅसिटर ३३ मायक्रोफॅरॅडचा करा. झाकल्यावर कळलं तर सगळी स्लीव्ह कापावी लागेल.